रूथच्या रानातली रुई

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं मला कित्येक वर्षं सांगितलं जातंय आणि दरवर्षी मी काहीतरी कारण काढून सुटतो. एकदा मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एकदा भारतात जायचं होतं. एकदा तर विसरलो म्हणून सरळ सांगून टाकलं. खरं कारण वेगळंच होतं. नोकरीबद्दल लिहायला बसलो की एक गोष्ट आल्याशिवाय राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. एका बाईंना मी त्यांच्याच रानाबद्दल चुकीचं काहीतरी सांगितलं, त्यांनी ते खरं मानलं, आणि मला चूक कळल्यावरही मी ती दुरुस्त केली नाही.

यंदाची संपादक शलाका मूळची नागपूरची आहे, इथे औषधांच्या कंपनीत काम करते. तिचा फोन आला.

"काका, यावेळी एक्स्क्यूज चालणार नाही. सगळे आयटीवाले आपापल्या लेऑफवर लिहून पाठवतायत. वाचून डिप्रेशन येतं यार. तुम्ही झाडांवर लिहा, काहीतरी पॉझिटिव्ह."

"झाडांवर लिहिलेलं पॉझिटिव्हच असतं असं तुला कुणी सांगितलं?"

"झाडं कुणाला लेऑफ करत नाहीत ना काका."

मी हो म्हणून टाकलं. म्हणून लिहितोय.

इथे न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये माझ्या पिढीचे बहुतेक मराठी लोक संशोधनात किंवा कॉम्प्युटरमध्ये होते. मी सकाळी बूट घालून रानात जायचो. पार्टीत कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की सुनंदा, म्हणजे माझी बायको, परस्पर सांगायची, "हे लोकांच्या झाडीत फिरतात." त्यात चूक काहीच नव्हती. मी वनस्पतिशास्त्र शिकायला इथे आलो आणि पुढे जमिनी राखणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागलो. ज्यांच्याकडे रान किंवा शेत आहे आणि आपल्यामागे तिथे टाउनहाउसेस उभी राहू नयेत असं वाटतं, ते आमच्याशी कायमचा करार करायचे. जमीन त्यांचीच राहायची, फक्त तिच्यावर बांधकाम होणार नाही. मग तिथे काय उगवतं ते बघायचं, रान कसं सांभाळायचं याचा आराखडा मालकाबरोबर बसून करायचा आणि वर्षातून एकदा हद्द चालून यायची, हे माझं काम. बाहेरून आलेल्या वेली कापायच्या, हरणांपासून रोपं वाचवायची, आणि घरी आल्यावर अंगणातच कपडे झटकून गोचिडी शोधायच्या. गोचीड सापडली की सुनंदा मला घरात घेत नसे.

काम ऐकायला शांत वाटतं, पण माणसं शांत नसत. एका गृहस्थांनी रानातल्या प्रत्येक ओकला आपल्या नातवंडांची नावं दिली होती आणि एक झाड वठलं तेव्हा ते घरी सांगायचं कसं, हा सल्ला त्यांना माझ्याकडून हवा होता. आपली मंडळीही काही कमी नव्हती. आमच्याच गल्लीतल्या अमोलने बायकोच्या आग्रहाने परसात मिल्कवीड लावलं, मोनार्क फुलपाखरं यावीत म्हणून. जुलैमध्ये त्याचा फोन आला.

"काका, एक प्रॉब्लेम आहे. कसल्या तरी पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या झाल्यात. सगळी पानं खाऊन टाकली. काही स्प्रे आहे का?"

"अरे, त्याच मोनार्कच्या अळ्या आहेत. त्यांच्यासाठीच तर लावलंस ना?"

मग म्हणाला, "हो, पण इतकं खातील असं पाकिटावर लिहिलं नव्हतं."

मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईचं अमेरिकेतलं भावंड. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो, शेंग फुटली की तशीच रेशमी म्हातारी उडते. इथे तिच्या पुष्कळ जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या उन्हाच्या. माळावर, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर त्या दाटीने उभ्या असतात. पण एक जात रानातली आहे. इंग्रजीत तिला पोक मिल्कवीड म्हणतात. मी तिला सावलीतली रुई म्हणतो. हे नाव मी दिलं तेव्हा ते किती अर्धवट आहे, हे मला कळलं नव्हतं.

ती मी पहिल्यांदा नीट पाहिली ती रूथबाईंच्या रानात. डेलावेअर नदीच्या अलीकडच्या टेकड्यांवर त्यांचं जुनं घर होतं आणि मागे ओक, ॲश आणि हिकरीचं रान. रूथबाई शाळेची बस चालवून निवृत्त झाल्या होत्या. मागच्या बाकावरच्या मुलांना दरडावण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज दोन खोल्यांपलीकडे जाई. नवरा वारला होता. घरात त्या आणि पिकल नावाचा आखूड पायांचा कुत्रा, एवढीच माणसं. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना तोंडावर रूथ म्हणत असे. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून रूथबाईच होत्या.

करारासाठी मी पहिल्यांदा गेलो तो जून महिना होता. मी नकाशा काढायला लागलो तर त्या म्हणाल्या, "कागद नंतर. आधी मला एक सांगा, मी रोज जिच्याशेजारून जाते ती आहे तरी कोण?"

रानातून एक जुनी गाडीवाट जात होती. तिच्या दोन्ही बाजूंनी, थोडं थोडं अंतर ठेवून, माझ्या छातीएवढी उंच रोपं उभी होती. सरळ एकच दांडा, समोरासमोर रुंद पानं. पानं इतकी पातळ की ऊन त्यांतून आरपार दिसावं. वरच्या पानांच्या बेचक्यांतून फुलांचे झुबके खाली झुकलेले. पेटलेला भुईनळा उलटा धरता आला तर कसा दिसेल, तसे. पाकळ्या फिकट हिरव्या आणि मागे वळलेल्या, मध्ये पांढरा मुकुट, आणि वास असा की क्षणभर आपण मोगऱ्याजवळ आहोत असं वाटावं. उन्हातल्या जाती दाटीने वाढतात. ही मात्र ओळखीच्या माणसांनी हाक मारण्याइतकं अंतर ठेवून उभं राहावं, तशी उभी होती.

मी गुडघ्यांवर बसलो. माझ्याकडे भिंग आणि एक टाचणी कायम असे. रूथबाईंना म्हटलं, "इकडे या. गंमत दाखवतो."

बाकीची फुलं पराग पिठासारखे सांडतात. रुईचं तसं नसतं. तिचे पराग दोन पिवळ्या थैल्यांत भरलेले असतात आणि त्या थैल्या एका बारीक काळ्या चिमट्याला लटकलेल्या असतात. मधमाशी फुलावर उतरते, तिचा पाय घसरून एका फटीत जातो, आणि ओढून काढताना तो चिमटा पायाला लागतो. मग माशी ती जोडी घेऊन उडते. पुढच्या फुलावर पाय पुन्हा तसाच घसरला आणि थैली नेमकी फटीत बसली, तरच बी धरतं. त्यातही ते फूल त्याच रोपाचं असून चालत नाही, शेजारणीचं लागतं. मी टाचणीचं टोक फटीतून वर ओढलं. पिवळी जोडी टोकाला लटकून वर आली.

रूथबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "ही तर खोगिराला लावायच्या पिशव्यांची जोडी," त्या म्हणाल्या. "आणि हे सगळं नेमकं जुळायला हवं?"

"हो."

"मग ही रोपं आहेतच कशी?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर त्या दिवशी आमच्या डोक्यावर होतं. मी वर पाहिलं नाही.

वर झाडांचं छत्र सलग नव्हतं. गाडीवाटेच्या कडेची दोनचार झाडं रूथबाई आणि त्यांचा नवरा दर हिवाळ्यात तोडत आले होते, घरातल्या लाकडाच्या शेगडीसाठी. नवरा गेल्यावर शेजारचा एक माणूस तोडून देई. आज इथलं, पुढच्या वर्षी पलीकडचं. त्यामुळे वाटेवर कुठे ना कुठे दिवसातून तास दोन तास ऊन उतरत असे. मी मात्र तोडलेल्या झाडांचे खुंट मोजले आणि मनात म्हटलं, किती हे नुकसान.

इथे माझ्या गावाबद्दल सांगायला हवं. आमचं गाव सिंधुदुर्गातलं. गावाबाहेर देवाची राई होती. तिथली हिरवी फांदीच काय, वाळकी काडीसुद्धा कुणी घरी आणत नसे. आत शिरलं की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटे. गुरव म्हणायचा, "राईत ऊन दिसलं तर समजा, कुणीतरी हात लावलाय." वनस्पतिशास्त्र मी नंतर शिकलो. रान कसं असावं याचं चित्र त्याआधीच माझ्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. दाट, काळोखं, माणसाचा हात न लागलेलं. उजेड म्हणजे जखम.

रूथबाईंच्या ओसरीवर बसून मी त्यांना राईची गोष्ट सांगितली. त्यांना ती फार आवडली.

"एक काडीही नाही?"

"काडीही नाही."

"मग चुलीत काय घालतात?"

"दुसऱ्या रानातलं आणतात."

बाईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. राई ही गावाची एक जागा असते. बाजूला माळ असतो, कुरण असतं, जळणाचं रान असतं, आणि ज्याला ऊन लागतं ते तिथे वाढतं. मी मात्र ती एकच जागा उचलून न्यू जर्सीत आणली होती.

आमच्या नेहमीच्या आराखड्यात मालकाला जळणापुरती झाडं तोडायची मुभा असे. रूथबाईंच्या आराखड्यातून ती काढून टाकावी, असं मीच सुचवलं. त्यांनी शेगडी बंद करून गॅस घेतला. पुढच्या हिवाळ्यात भेटलो तेव्हा म्हणाल्या, "गॅसची ऊब कातडीपर्यंतच येते. पण रानासाठी चालेल." संस्थेच्या वार्षिक सभेत मी या रानावर भाषण केलं. आमच्या गावची राई, इथलं रान, दोन्हींचे फोटो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या खोलीतला एकटा भारतीय मी, आणि आमच्या गुरवाचं शहाणपण ऐकून ही माणसं उभी राहिली. मला काय वाटलं असेल ते वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वेगळं सांगावं लागणार नाही. त्यानंतर आणखी काही रानांचे आराखडे तसेच झाले.

पुढच्या काही वर्षांत गाडीवाटेवर छत्र मिटत गेलं. मेपल आणि बीच या झाडांची पोरं उंच झाली. दर जूनमध्ये मी जायचो. आधी शेंगा धरेनाशा झाल्या. मग झुबके लहान झाले. मग काही रोपांना फुलंच आली नाहीत. आणि एका जूनमध्ये मी आणि रूथबाई वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, पण एकही फूल दिसलं नाही.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त कुतूहल वाटलं. हे असं का व्हावं? मी माती तपासली. हरणं खात असतील म्हणून कुंपण घातलं. आधीच्या वर्षी उरलेल्या फुलांना टाचणीने स्वतः थैल्या बसवल्या होत्या, अगदी शेजारणीच्या थैल्या, तरी शेंगा पोसल्या नव्हत्या. अळ्या बघितल्या, बुरशी बघितली. एक उजेड सोडून सगळं बघितलं. रानात काळोख वाढला होता हे मला दिसत होतं. पण तो मला यश वाटत होता.

रूथबाईंनी वाटेवर उभं राहून विचारलं, "मग माझं काय चुकलं?"

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. वनस्पती जाणणारा म्हणून मी तिथे उभा होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पायांखाली पाहिलं. रोजच्या चालण्याने माती घट्ट झाली होती. म्हटलं, "कदाचित ही पायवाट. तुम्ही आणि पिकल रोज इथून जाता. माती दाबली गेली की मुळांना श्वास घेता येत नाही."

मी 'कदाचित' म्हणालो होतो. त्या शब्दाच्या आड मी पुढे बरीच वर्षं लपलो. पण आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं सांभाळून नेलेल्या बाईला 'कदाचित' ऐकू येत नाही. पुढच्या वेळी गेलो तर वाटेच्या तोंडाशी दोन झाडांना दोर बांधलेला होता आणि त्यावर लाल फडकं. रूथबाईंनी रानात जाणं बंद केलं होतं. पिकलला घेऊन त्या रस्त्याच्या कडेने मेलबॉक्सपर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

"एवढं करायची गरज नाही," मी म्हणालो.

"गरज आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावचे लोक काडी उचलत नाहीत. मला पाय आवरता येणार नाहीत का?"

मग एक दिवस दुसऱ्याच कामासाठी मी विजेच्या मोठ्या तारांखालून चाललो होतो. तारांखालची झाडं वीज कंपनी दर काही वर्षांनी कापते. जिथे कापलेला पट्टा संपतो आणि रान सुरू होतं, त्या कडेला, अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत, सावलीतली रुई उभी होती. एक दोन नव्हे, नजर जाईल तिथपर्यंत. झुबके लगडलेले, माश्या एका शेजारणीकडून दुसरीकडे चाललेल्या. पायांखाली ट्रॅक्टरच्या चाकांनी माती दगडासारखी झालेली.

मी वर पाहिलं.

तिला सावली चालते, पण बंद सावली चालत नाही. झाड पडतं, आग लागते, कुणी लाकूड तोडतं, आणि छताला भोक पडतं. त्या भोकाच्या आधारावर ती फुलते. ते मिटेपर्यंत शेजारी दुसरं पडलेलं असावं लागतं. रूथबाईंची शेगडी तिला दर हिवाळ्यात एक खिडकी उघडून देत होती. मी ती खिडकी लावली आणि वरून दोष त्यांच्या पायांना दिला.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"मग उद्या फोन करा त्यांना."

"करतो."

"अहो, करतो काय? आत्ता करा. त्या बाई बिचाऱ्या रस्त्यावरून फिरतायत."

"आधी खात्री करून घेतो."

"टाळ्या वाजल्या तेव्हा केली होती का खात्री?"

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. पण फोनही केला नाही. सुरुवातीला खरंच खात्री करायची होती. मग असं वाटलं की भाषण, आराखडे, ती इतर रानं, सगळंच उलगडावं लागेल. आणि आत कुठेतरी हेही होतं की मी चुकलो म्हटलं तर लोक म्हणतील, त्याच्या गावची राईच चुकीची. राई चुकीची नव्हती. ती चुकीच्या जागी नेणारा मी होतो. पण एवढं समजावून सांगण्याची संधी मला कुणी देईल, असा भरवसा मला वाटला नाही.

संस्थेच्या उन्हाळी पिकनिकला रूथबाई आल्या होत्या. नव्या सभासदांना त्या हसत हसत सांगत होत्या, "माझ्याकडे दुर्मिळ फुलं होती. मी चालून चालून मारली." मी पलीकडे बटाट्याच्या सॅलडची ताटली घेऊन उभा होतो. त्यांनी मला पाहून हात हलवला. मीही हलवला.

निवृत्त होण्यापूर्वी मी आराखड्यांत जळणाची मुभा परत घातली. कारण विचारलं तेव्हा "रानाची परिस्थिती बदलली आहे" असं सांगितलं. रूथबाईंना त्याचा उपयोग नव्हता. त्यांचं वय झालं होतं, शेगडी विकलेली होती, पिकल गेला होता. पुढे घर सोडून त्या आमच्या वेस्ट विंडसरपासून जवळच वृद्धांसाठी असलेल्या एका निवासात राहायला आल्या. रान तसंच राहिलं.

मग ॲशच्या झाडांवर तो हिरवा भुंगेरा आला. दूर आशियातून लाकडी खोक्यांबरोबर आलेला, नखाएवढा, दिसायला दागिन्यासारखा. त्याच्या अळ्या सालीखाली शिरून झाड आतून सोलतात. काही वर्षांत या भागातले जवळजवळ सगळे ॲश मेले. संस्थेतल्या लोकांना त्याचं फार दुःख झालं, मलाही झालं. त्या दुःखातच एका जूनमध्ये मी संस्थेला विचारून रूथबाईंच्या रानात गेलो. किती ॲश उरले आहेत ते बघायचं होतं.

एकही उरला नव्हता. पांढरे पडलेले बुंधे उभे होते, काही आडवे झाले होते. गाडीवाटेवर ठिकठिकाणी ऊन पडलं होतं. आणि एका पडलेल्या बुंध्याच्या बाजूला, छातीएवढी उंच, झुबके झुकवून ती उभी होती. थोडं पुढे दुसरी. वळणावर आणखी काही.

मी नाही नाही म्हणत असताना ती तिथेच होती. आता वाटतं, फुलांशिवायची ती बोटभर, दोन चार पानांची रोपं माझ्या नजरेतून निसटली असणार. फुलं नाहीत म्हणजे झाड नाही, असं मी धरून चाललो होतो. मुळं किती वर्षं अशी तग धरतात, याबद्दल मला अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा. त्या दिवशी मात्र मी भिंग काढलं नाही. फोनने फोटो काढला आणि ठरवलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने गाडी चालवली. निवासाच्या पार्किंगमध्ये ती म्हणाली, "मी इथेच थांबते. मी आत आले तर तुम्ही माझ्याशीच बोलत बसाल." काय बोलायचं ते मी वाटेत इंग्रजीत जुळवलं होतं. आधी फोटो दाखवायचा, मग सांगायचं की दोष उजेडाचा होता, म्हणजे माझा होता, मग माफी मागायची.

रूथबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पाय सुजलेले, आवाज तोच.

"या राईवाले. अजून जिवंत आहात तर."

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा बदलला, फोन डोळ्यांजवळ नेला. फोटो बोटांनी मोठा कसा करायचा ते मी दाखवलं. झुबका सगळ्या पडद्यावर आला.

"माझी वाट," त्या म्हणाल्या.

"हो. काल काढला."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी तोंड उघडलं होतं. पहिलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या, आणि बस चालवणाऱ्या त्या बाईचा चेहरा असा झाला, जसा मी कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे काम झालं," त्या म्हणाल्या. "मी लांब राहिले म्हणून परत आली ती. किती वर्षं मला वाटायचं, उगाच जातेय का हे सगळं. रोज सकाळी दोराशी जाऊन उभी राहायचे, ठाऊक आहे? आत नाही जायचे." त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही सांगितलं म्हणून मला जमलं. थँक यू."

मला वाटलं होतं, मी त्यांच्यावरचं ओझं उतरवायला आलोय. पण त्यांनी ते उतरवून टाकलं होतं. त्या जागी अभिमान आला होता, आणि तोही माझ्याच चुकीवर उभा होता. खरं सांगितलं तर त्यांचे पाय निर्दोष ठरणार होते, पण दोराशी उभ्या राहिलेल्या सगळ्या सकाळी वाया गेल्या हेही त्याच वाक्यात कळणार होतं. दोन्हींतलं त्यांना काय हवं असेल, हे मी ठरवणं बरोबर नव्हतं. तरी मीच ठरवलं. गप्प राहिलो. चहा घेतला. त्यांनी फोटो छापून आणायला सांगितला, मी हो म्हणालो.

गाडीत सुनंदाने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "त्या चिडल्या असत्या. मग हसल्या असत्या. तुम्ही त्यांना चिडूसुद्धा दिलं नाहीत."

छापलेला फोटो मी पुढच्या आठवड्यात नेऊन दिला. त्यांनी तो पलंगाशेजारी लावला. त्या वेळीही आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत मी मनाशी म्हणायचो, आज नको, आज त्या दमल्यात. हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या भाचीने सगळ्यांना सांगितलं की एका फुलासाठी मावशीने आपल्या रानात जाणं सोडलं होतं आणि ते फूल परत आलं. लोकांनी डोळे पुसले. मीही त्यांच्यात होतो.

भाचीला मी हे सगळं कळवलं आहे. संस्थेलाही. दोघांनीही समजुतीने उत्तर दिलं, आणि भाची म्हणाली, आता त्याचं काही वाटून घेऊ नका. पण माफी भाचीची मागायची नव्हती. वाटेत इंग्रजीत जुळवलेली ती वाक्यं तोंडातून कधी निघालीच नाहीत. ती मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत ती आता मला आठवतच नाहीत.

रूथबाई, तुमच्या पायांनी काही बिघडलं नव्हतं. तुमच्या कुऱ्हाडीनेही नाही. तुम्ही तोडत होतात आणि चालत होतात म्हणून ती तिथे होती. मी चुकीचं सांगितलं, मला नंतर ते कळलं, आणि तरी मी तुम्हाला दोराशी उभं राहू दिलं. मला माफ करा.